खिशांतलें पिस्तूल

शस्त्रांचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तोफा, तरवारी आणि किल्ल्यांचे बुरूज उभे राहतात. आज ज्या शस्त्राविषयीं मी बोलणार आहें तें तळहातावर मावण्याजोगें आहे. रणांगणावर त्याचा उपयोग जवळजवळ नाहीं. शिकारी त्याच्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं. वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यानें नेमकें टिपणें हें सामान्य माणसाच्या हातून सहसा होणारें काम नव्हे. असें असतां एका राष्ट्राध्यक्षाचा, एका युवराजाचा आणि आमच्या नाशिकच्या एका कलेक्टराचा शेवट याच जातीच्या शस्त्रानें झाला. आणि त्या प्रत्येक वेळीं शस्त्राच्या बळापेक्षां तें आधीं कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं ही गोष्टच अधिक कामाची ठरली. खिशांत मावण्याकरितां पिस्तुलाला कारागिरांनीं कसकसें कापलें, घासलें, गोल केलें, आणि त्या घासण्याचा परिणाम कोठवर जाऊन पोंचला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

लहान पिस्तूल ही कल्पना अमलांत यावयास बंदूक फार दिवस तयार नव्हती. पहिल्या बंदुका तोड्याच्या. त्या उडवावयाच्या म्हणजे पेटता तोडा जवळ बाळगावयाचा. असला तोडा अंगाशीं लपवून कोण ठेवील? अंधारांत तो दिसतो, त्याचा वास येतो, पावसांत तो विझतो. सोळाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत चक्राची कळ निघाली. किल्लीनें घड्याळाप्रमाणें चक्र गुंडाळून ठेवावयाचें. चाप ओढला कीं चक्र गरकन् फिरून दगडाशीं घासतें, ठिणग्या पडतात आणि कानांतली रंजक पेट घेते. या युक्तीमुळें बंदूक भरून, सज्ज करून, झग्याखालीं झांकून नेतां येऊं लागली. राज्यकर्त्यांच्या ध्यानांत ही गोष्ट फार लवकर आली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन यानें १५१७–१८ च्या सुमारास आपल्या मुलुखांत या आपोआप पेटणाऱ्या बंदुकांना बंदी केली. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या १५७९ च्या जाहीरनाम्याचा रोख खिशांत बाळगण्याच्या लहान पिस्तुलांवर होता. बंदीनें फारसें कांहीं थांबलें नाहीं. १५८४ च्या जुलै महिन्यांत डेल्फ्ट येथें ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याला बाल्थाझार जेरार यानें त्याच्या राहत्या वाड्यांत, जिन्यापाशीं, पिस्तुलानें ठार केलें. मारेकऱ्यानें पिस्तुलें विकत घेतलीं तीं विल्यमनेंच दया येऊन देवविलेल्या पैशांतून, असें सांगतात.

यापुढचें पाऊल बंदूक घडविणाऱ्यानें टाकलें नाहीं. तें शिंप्यानें टाकलें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील पुरुषांच्या पोषाखांत लांब कोट आला आणि त्याला आंतून शिवलेले मोठमोठे खिसे आले. त्यापूर्वीं पैसे आणि किरकोळ जिन्नस कमरेच्या पिशवींत असत, जसे आपल्याकडे कनवटीला किंवा बटव्यांत असत. खिसा ही वस्तु आज आपल्याला इतकी साधी वाटते कीं तिच्यामागें कांहीं इतिहास असेल असें मनांतहि येत नाहीं. पण लंडनच्या बंदूक-कारागिरांनीं मात्र त्या खिशाचें माप अगदीं बारकाईनें घेतलें.

ज्या पिस्तुलांना पुढें संग्राहकांनीं ॲन राणीचें नांव दिलें तीं या मापाचीं अपत्यें होत. त्यांची नळी फिरकीची असे. नळी पिळून काढावयाची, मागच्या बाजूनें दारू आणि गोळी घालावयाची आणि नळी पुन्हां बसवावयाची. त्यामुळें ठासणीचा गज बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. दस्त्याच्या टोंकाला चांदीचा मुखवटा बसविण्याची हौस त्या काळीं होती. धनिकाच्या आवडीप्रमाणें तो बनविला जाई. पुढें अठराव्या शतकांत कळीचा घोडा बाजूला असे तो मध्यभागीं आणला, म्हणजे पिस्तुलाची कूस सपाट झाली. कांहींचा चाप आंत दडवून ठेवीत. घोडा मागें ओढला कीं तो टपकन् खालीं येई. बायकांनीं थंडींत हात उबदार ठेवण्यासाठीं वापरावयाच्या लोंकरी हातमोळींत मावतील इतकीं इवलीं पिस्तुलेंहि निघालीं. या सर्व सुधारणा नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षांत येते. त्यांपैकीं एकीनेंहि नेम सुधारला नाहीं. बाहेर येणारें टोंक, अस्तरांत अडकणारा कांठ आणि कोटावर दिसणारा उंचवटा, या तीन शत्रूंशींच काय ती कारागिराच्या कानशीची लढाई चालली होती.

अशा रीतीनें घडविलेलें पिस्तूल गिऱ्हाइकाच्या हातांत पडण्यापूर्वीं त्याची एक परीक्षा होई. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ सालीं राजाची सनद मिळाली. बेल्जममधील लिएझ शहरीं १६७२ सालीं परीक्षेचा हुकूम निघाला. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ चें. नेहमींपेक्षां बरीच अधिक दारू भरून बार काढावयाचा आणि नळी फुटली नाहीं तर तिच्यावर ठसा मारावयाचा, ही ती परीक्षा. परंतु सरकारी ठसा पडला म्हणजे पिस्तूल धन्याचें झालें असें नाहीं. नव्या कळीचे दांते एकमेकांवर नीट बसलेले नसतात. कमानी ताठ असतात. चाप कोठें जड तर कोठें एकदम हलका लागतो. घोडा पुष्कळदां चढवून उतरवून, पुष्कळ बार काढून, तें यंत्र हळूहळू रुळतें. त्याबरोबर हातहि रुळतो. तोंडांत बत्तीशी बसविल्यावर माणसाला जसें कांहीं दिवस स्वतःच्याच जिभेची ओळख नव्यानें करून घ्यावी लागते तसा हा प्रकार आहे. शिवाय काळी दारू हवेंतील ओल धरते. महिनाभर खिशांत भरून ठेवलेलें पिस्तूल ऐन वेळीं मुकें राहण्याचा संभव फार. म्हणून सावध माणूस जुना बार काढून टाकी आणि नवा भरी. खिशांतल्या पिस्तुलाची चाकरी ही अशी रोजची होती.

तेवढ्यांत एका धर्मोपदेशकानें या शास्त्रांत क्रांति केली. स्कॉटलंडांत ॲबर्डीनजवळ बेलहेल्व्ही नांवाच्या खेड्यांत अलेक्झांडर फॉर्साइथ नांवाचे पाद्री होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकींत आधीं रंजकेचा भपका होतो आणि मग बार उडतो. त्या भपक्यानें पक्षी सावध होऊन निसटतात, ही त्यांची तक्रार. आघातानें पेटणाऱ्या क्षाराचा उपयोग करून त्यांनीं रंजकच काढून टाकली आणि १८०७ सालीं आपल्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. रानबदकांसाठीं केलेल्या या शोधाचा मोठा लाभ खिशांतल्या पिस्तुलाला झाला. कान गेला, झांकण गेलें, सांडणारी रंजक गेली. उरली ती मसुराच्या दाण्यापेक्षां थोडी मोठी एक टोपी.

या टोपीच्या जोरावर ज्यानें आपलें नांव अजरामर केलें, किंबहुना ज्याचें नांव लोकांनीं पळविलें, तो हेन्री डेरिंजर. जन्म १७८६, पेनसिल्व्हानियांतील ईस्टन गांवीं. बाप जर्मन वंशाचा, धंद्यानें बंदूककार. मुलानें व्हर्जिनियांत रिचमंड येथें उमेदवारी केली आणि १८०६ मध्यें तो फिलाडेल्फियांत येऊन स्थायिक झाला. सरकारला लष्करी बंदुका पुरविणें आणि रेड इंडियन टोळ्यांशीं होणाऱ्या व्यापारासाठीं रायफली बनविणें हा त्याचा मुख्य उद्योग. पिस्तुलांचा नाद पुढें लागला, आणि त्याच नादानें त्याचें नांव झालें.

डेरिंजरचें पिस्तूल एकबारी. नळी दीड इंचापासून पुढें, मागणीप्रमाणें कमीजास्त लांबीची. तिच्या आंत आटे पाडलेले. दस्ता काळ्या अक्रोडाच्या लांकडाचा, पक्ष्याच्या चोंचीसारखा वळलेला. त्यावर जर्मन सिल्व्हरचें नक्षीकाम. धन्यानें सांगितलें तर त्याचें नांव कोरण्यासाठीं चांदीची किंवा सोन्याची पट्टी. एका बारावर भरंवसा नको म्हणून हीं पिस्तुलें बहुधा जोडीनें विकलीं जात: एक उजव्या खिशाला, एक डाव्या. प्रत्येक जोड हातानें जुळविलेली. दुसऱ्या जोडींतला घोडा पहिलींत बसेलच असें नाहीं. त्या घासण्यांतच कारागिराचें कसब होतें, आणि दोन पिस्तुलें हुबेहूब एकसारखीं न निघण्याचें कारणहि तेंच.

१८४९ सालीं कॅलिफोर्नियांत सोन्यासाठीं झुंबड उडाली. तेथें पोलीस थोडे, कायदा दूर आणि कमरेला सोन्याच्या कणांची पिशवी. तेव्हां खिशांत पिस्तूल आलेंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानदारांकडून मागणीवर मागणी येऊं लागली आणि तिच्या पाठोपाठ नक्कल करणारेहि आले. डेरिंजरनें आपल्या पिस्तुलाचें पेटंट कधींच घेतलें नव्हतें. त्याच्या हाताखालीं काम शिकून बाहेर पडलेल्या माणसांनीं स्लॉटर आणि कंपनी या नांवानें दुकान थाटलें आणि धन्याच्या पिस्तुलाची, त्याच्या ठशासकट, नक्कल चालविली. त्यांनीं केलेली एक युक्ति तर ऐकण्यासारखी आहे. फिलाडेल्फियांत जॉन डेरिंजर नांवाचा एक शिंपी होता. त्याचा बंदुकांशीं सुईच्या अग्राइतकाहि संबंध नव्हता. पण आडनांव तेंच! त्याच्याशीं संधान बांधून त्याच्या नांवाचा ठसा पिस्तुलांवर मारूं लागले. म्हणजे खिसा शिवणाऱ्याचें नांव खिशांतल्या पिस्तुलाला मिळालें.

म्हातारा डेरिंजर गप्प बसला नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी प्लेट याच्यावर त्यानें फिर्याद लावली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १८६५ मध्यें निकाल दिला तो त्याच्या बाजूनें. कारागिराच्या नांवावर त्याचा हक्क आहे, दुसऱ्यानें तें मालावर छापून गिऱ्हाइकाची दिशाभूल करूं नये, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. व्यापारी चिन्हांच्या कायद्याच्या अभ्यासांत हा खटला आजहि उल्लेखिला जातो. १८६८ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, डेरिंजर वारला. कोर्टांत तो जिंकला खरा, पण भाषेंत हरला. त्याच्या आडनांवाच्या इंग्रजी स्पेलिंगांत ‘आर’ हें अक्षर एकदां येतें. लोकांनीं तें दोनदां घातलें आणि त्या शब्दाचा अर्थ ‘कोणतेंहि खिशांतलें लहान पिस्तूल’ असा करून टाकला. रेमिंग्टन कंपनीनें १८६६ पासून १९३५ पर्यंत एकावर एक दोन नळ्यांचें जें पिस्तूल विकलें त्यालाहि लोक डेरिंजर म्हणत. त्या पिस्तुलाशीं या कारागिराचा कसलाहि संबंध नव्हता.

या नांवाला जी काळी प्रसिद्धि मिळाली ती मात्र न्यायालयाच्या निकालामुळें नव्हे. ज्या वर्षीं निकाल लागला त्याच १८६५ सालीं, १४ एप्रिलच्या रात्रीं, वॉशिंग्टनमधील फोर्डच्या नाट्यगृहांत अध्यक्ष लिंकन नाटक पाहत बसले होते. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यासारखें होतें. अध्यक्षांच्या रक्षणासाठीं नेमलेला पोलीस आपल्या जागेवर नव्हता. जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नट. नाट्यगृहाचे जिने, दारें, नाटकांतला कोणता संवाद केव्हां येतो आणि प्रेक्षक कोठें हंसतात हें सारें त्याला पाठ. हंशाच्या त्या क्षणीं त्यानें अध्यक्षांच्या मस्तकामागून बार काढला. हातांत डेरिंजरचें पिस्तूल होतें: सगळी लांबी सुमारें सहा इंच, नळी अडीच इंचांच्या आंतबाहेर, वजन आठ औंस, म्हणजे आपल्या मापानें वीस तोळ्यांच्या आसपास. एकच बार. मेजर रॅथबोन अंगावर धावून आला तेव्हां बूथला सुराच काढावा लागला. पिस्तूल त्यानें टाकून दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिंकन गेले. युद्धाचीं चार वर्षें लाखों सैनिक लांब पल्ल्याच्या रायफली घेऊन लढले, आणि त्या युद्धाच्या नायकाला मारलें तें दहा पावलांपलीकडे भरंवसा नसलेल्या शस्त्रानें. मात्र त्यासाठीं मारेकऱ्याला पाहुण्यासारखें अगदीं शेजारीं येऊन उभें राहावें लागलें. खिशांतल्या पिस्तुलाची हीच एक अट असते.

यानंतरची गोष्ट कानशीची नव्हे, यंत्राची आहे. यूटा प्रांतांतील ऑग्डन गांवीं १८५५ सालीं जन्मलेला जॉन मोझेस ब्राउनिंग हाहि बंदूककाराचाच मुलगा. बार उडतांना जो धक्का मागें येतो तो वायां जातो. त्याच धक्क्याला कामाला लावावें, हें त्याचें ध्येय. गोळी पुढें जाते त्याच दाबानें रिकामें काडतूस मागें लोटलें जातें. त्यानें पिस्तुलाचें वरचें सरकतें पोलादी आवरण मागें जातें, काडतूस बाहेर पडतें, कमान दाबली जाते आणि ती कमान आवरणाला पुढें ढकलतांना नवें काडतूस घेऊन जाते. आज हें वर्णन ऐकतांना त्यांत नवल वाटत नाहीं. पण असें सरकतें आवरण असलेलें, विक्रीसाठीं कारखान्यांत तयार झालेलें पहिलें पिस्तूल ब्राउनिंगचें. तें १८९९ पासून लिएझजवळच्या हर्स्टल येथील कारखान्यांत बनूं लागलें. हा कारखाना मुळांत १८८९ सालीं बेल्जमच्या सैन्यासाठीं दीड लाख रायफली करण्याकरितां उभारलेला. रायफलींचें काम सरल्यावर त्याला नवा माल हवा होता, आणि अमेरिकेंतल्या या माणसाला नवा कारखाना.

ब्राउनिंगनें खिशाचें माप पुन्हां एकदां घेतलें, आणि या वेळीं तें कोटाच्या नव्हे, जाकिटाच्या खिशाचें. १९०६ सालच्या सुमारास बाजारांत आलेलें त्याचें ६.३५ मिलिमीटरचें पिस्तूल साडेचार इंच लांब आणि वजनानें तेरा औंसांच्या जवळपास. पत्त्यांचा जोड खिशांत असावा तसें तें बसे. आंत सहा काडतुसें. बाहेर घोडा नाहींच.  दस्त्याच्या पाठीला एक लहानशी पट्टी. मूठ आवळून ती दाबल्याशिवाय बार उडत नाहीं. अमेरिकेंत कोल्ट कंपनीनें हेंच पिस्तूल १९०८ पासून विकलें. ज्या गोष्टीसाठीं लंडनचे कारागीर पिढ्यान् पिढ्या कानस चालवीत होते ती येथें मूळ नकाशांतच उतरली होती. सुटे भाग यंत्रांवर, एकाच मापाचे, हजारोंनीं. धन्याच्या हौशीला उरलें काय? दस्त्यावर शिंपल्याच्या किंवा हस्तिदंताच्या पट्ट्या, निकेलचा मुलामा आणि थोडें कोरीव काम. चांदीच्या मुखवट्यापासून हें अंतर फारसें नाहीं, पण कळीला आतां कोणी हात लावीत नव्हतें. डेरिंजरला जें कोर्टांत भांडून मिळवावें लागलें तें ब्राउनिंगला पेटंटांनीं आणि करारांनीं मिळालें. तरी त्याचेंहि नांव भाषेनें गिळलेंच: फ्रेंच आणि रशियन लोकांत ‘ब्राउनिंग’ म्हणजे खिशांतलें पिस्तूल असा अर्थ रूढ झाला.

यंत्रावर निघालेल्या शस्त्राला पुन्हां हातानें कापण्याची हौसहि मेली नाहीं. कोल्ट कंपनींतच जॉन हेन्री फिट्झजेरल्ड नांवाचे एक निष्णात नेमबाज नोकरीस होते. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं जाडजूड रिव्हॉल्व्हरें घेऊन त्यांच्या नळ्या दोन इंचांवर आणल्या, घोड्याचें वर आलेलें टोंक उडविलें, दस्त्याचे कोपरे गोल केले आणि चापापुढच्या कड्याचा पुढचा भाग सुद्धां कापून टाकला. हातमोज्यांतलें बोटहि चटकन् चापावर जावें हा हेतु. स्वतःच्या विजारीच्या दोन्ही खिशांना त्यांनीं चामड्याचें अस्तर लावून घेतलें होतें आणि दोन खिशांत दोन रिव्हॉल्व्हरें घेऊन ते हिंडत. येथें पुन्हां शिंपी आलाच! मला हें कसब पाहून कौतुक वाटतें, पण भीतीहि वाटते. कडें असतें तें चापाला कापडाचा, किल्लीचा, कशाचाहि धक्का लागूं नये म्हणून. तें कापणें म्हणजे घाईच्या एका क्षणासाठीं उरलेल्या साऱ्या दिवसांचा निर्धास्तपणा विकणें. कंपनीनें त्यांतलें शहाणपण तेवढें उचललें: १९२७ सालीं गुप्त पोलिसांसाठीं तिनें दोन इंची नळीचें रिव्हॉल्व्हर काढलें, त्याचें कडें मात्र शाबूत ठेवलें.

आतां मागें, १९०९ सालाकडे आणि आपल्या प्रांताकडे येऊं. १८७८ च्या शस्त्रकायद्यामुळें हिंदी माणसाला परवान्याखेरीज शस्त्र बाळगणें अशक्य होतें. रायफल लपवून आणणें कठीण. तरवारीचा काळ संपलेला. ब्राउनिंग पिस्तूल मात्र ट्रंकेच्या चोरकप्प्यांत बसतें. लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकरांनीं तेथला आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें काडतुसांसह मुंबईस पाठविलीं तीं अशीं. त्याच वर्षीं बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली. २१ डिसेंबरच्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदे’चा प्रयोग होता, बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा तो समारंभ. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, मराठी नाटकाचे रसिक होते. अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचें वय अठराच्या आंतबाहेर. त्यांनीं नाट्यगृहांतच, अगदीं जवळून, ब्राउनिंग पिस्तुलानें जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. फोर्डच्या नाट्यगृहाची आठवण येथें कोणाला होणार नाहीं? दोघांचीं कारणें निराळीं, मनें निराळीं, आणि त्यांना एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. बूथ गुलामगिरीच्या बाजूनें उभा होता. कान्हेरे परकी सत्तेच्या विरुद्ध. पण हत्याराची अट दोघांनाहि तीच: शेजारीं जाऊन उभें राहणें आणि मग पळून जाण्याची आशा जवळजवळ सोडणें. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. ज्या आचाऱ्यानें ट्रंक आणली तोच माफीचा साक्षीदार झाला, आणि जॅक्सनच्या खुनास साह्य केल्याच्या आरोपावरून १९११ च्या जानेवारींत विनायकरावांना दुसरी जन्मठेप झाली.

पांच वर्षांनीं हाच कारखाना साऱ्या जगाच्या तोंडीं झाला. बेलग्रेडमध्यें तीन बोस्नियन तरुणांना चार ब्राउनिंग पिस्तुलें आणि सहा बाँब मिळाले. गॅव्हरिलो प्रिन्सिप आणि त्याचे सोबती यांनीं शहराबाहेरच्या टॉपचिडर उद्यानांत नेमाचा सराव केला, हात रुळविला. २८ जून १९१४ रोजीं साराजेव्होंत पहिला बाँब वायां गेला. पुढें मोटारचालक चुकून आडरस्त्याला वळला आणि मोटार थांबली ती नेमकी प्रिन्सिपपासून चार-पांच हातांवर. दोन गोळ्या, युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी दोघेंहि गेलीं. त्यांतून महायुद्ध पेटलें तें पिस्तुलामुळें, असें म्हणण्याइतका मी भोळा नाहीं. पण मोटारीच्या दारापर्यंत पोंचलेला तो तरुण हातांत रायफल घेऊन त्या गर्दींत उभा राहूं शकला नसता, हेंहि तितकेंच खरें. ब्राउनिंग स्वतः १९२६ सालीं हर्स्टलच्या त्याच कारखान्यांत हृदयविकारानें वारला.

आणि ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ. दिल्लीच्या बिर्ला भवनाच्या हिरवळीवर प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींसमोर नथुराम गोडसे हात जोडून उभा राहिला, आणि मग खिशांतून निघालें तें इटलींत बनलेलें १९३४ च्या नमुन्याचें बेरेटा पिस्तूल. ग्वाल्हेरांत मिळविलेलें. तीन गोळ्या. त्यावरचा आंकडा ६०६८२४ खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे.

आंकड्यावरून एक गोष्ट आठवली. साराजेव्होचें पिस्तूल कोणतें याविषयीं अनेक ग्रंथांत चूक होती. तें १९०० चा नमुना होतें असें लिहीत. जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यांत पडून राहिलेलें खरें पिस्तूल २००४ सालीं व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयांत आलें. तें १९१० चा नमुना निघालें आणि तें ओळखलें गेलें त्यावरच्या १९०७४ या आंकड्यानें. बूथचें डेरिंजर फोर्डच्या नाट्यगृहांतील संग्रहालयांत आहे. तें मागें कधीं तरी चोरीस जाऊन त्या जागीं नक्कल ठेवल्याची अफवा उठली, तेव्हां १९९७ मध्यें अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळेंत त्याची तपासणी झाली. लिंकनच्या मस्तकांतून काढलेली गोळी इतकी गंजलेली कीं तिच्यावरून कांहींच ठरेना. तेव्हां तज्ज्ञांनीं १९३० नंतरच्या दशकांतील जुने फोटो काढले आणि दस्त्याच्या अक्रोडी लांकडांतील रेषांचीं वळणें, त्यावरची चीर आणि पोलादावरचे खळगे एकेक जुळवून पाहिले. सारें जुळलें.